सरबत फळाचं, भरवसा पाण्याचा

कशेडीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. कुणी भाकऱ्या थापताना ऐकत असाल, कुणी रानातून येऊन पाय पसरून बसला असाल. बसा. आजचा विषय थंडगार आहे, तो म्हणजे सरबत.

एप्रिल-मे आला की आपल्या महाड-पोलादपूरकडच्या वाड्या भरून जातात. मुंबईचे चाकरमानी येतात. लग्नं, हळदी, साखरपुडे, सत्यनारायणाच्या पूजा, चैत्रातलं हळदीकुंकू, सगळं याच दोन महिन्यांत. पाहुणा उन्हातून चढ चढून येतो आणि ओटीवर टेकतो. त्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या आणि मग सरबताचा पेला द्यायचा, ही आपली जुनी रीत. अलीकडे त्या पेल्याची जागा दुकानातल्या रंगीत बाटलीने घेतली. आपल्याच झाडाखाली रातांबे सडतात आणि आपण पैसे मोजून साखरेचं पाणी आणतो.

म्हणून आज शंभर माणसांना पुरेल असं फळांचं सरबत घरी कसं करायचं ते सांगणार आहोत. पण कृतीच्या आधी आमची एक चूक सांगतो. ती नाही सांगितली तर कृती अर्धीच राहील.

आमची चूक

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या गटाने एका हळदीच्या कार्यक्रमात दोनशे पेले सरबत द्यायचं काम घेतलं होतं. फळं निवडून घेतली होती. पाणी आदल्या रात्री उकळून गार केलं होतं. सगळं नीट होतं. ऐनवेळी यजमान म्हणाले, सरबत कोमट लागतंय. मग एकाला गाडीवर पाठवून बर्फाची लादी मागवली. ती गोणपाटात गुंडाळून आली, अंगणातच फोडली आणि तुकडे थेट पिंपात टाकले. सरबत गार झालं, सगळ्यांनी कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीसेक माणसांना जुलाब लागले. त्यात आमच्याच गटातल्या एका काकूंचा चार वर्षांचा नातू होता. संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, लघवी बंद झाली. आशाताई वेळेवर आल्या, दवाखान्यात नेलं, पोर वाचलं. पण ती रात्र आम्ही विसरलो नाही. कामाचे पैसे आम्ही परत केले. पुढं वर्षभर आम्हाला कुणी सरबताचं काम दिलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं आम्ही म्हणणार नाही.

मग गटाच्या बैठकीत आम्ही एकेक पायरी मांडली. फळ कुणी धुतलं, पाणी कुणी उकळलं, टोप कुठला होता. प्रत्येक पायरीला उत्तर होतं. फक्त बर्फ कसल्या पाण्याचा, हे कुणीच विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या गटाचा नियम झाला, की सरबत फळाचं असतं, पण त्याचा भरवसा पाण्याचा असतो. पेल्यातल्या सहा भागांत पाच भाग पाणीच आहे.

पाणी कुठलं आणि कसं

आपल्याकडे पावसाळ्यात डोंगर वाहतो आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. कितीतरी वाड्यांना तेव्हा टँकरचं पाणी येतं. झऱ्याचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून ते चांगलंच, असं नाही. रोगाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. विहीर आटली की तळाच्या थोड्या पाण्यात सगळी घाण एकवटते. म्हणून सरबताचं पाणी कुठूनही आणलेलं असो, त्याला एक संस्कार हवाच.

पहिला मार्ग उकळण्याचा. पाणी आधी दुहेरी सुती फडक्यातून गाळा. मग खळखळ उकळी फुटू द्या आणि ती दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळलं असं धरू नका. झाकण ठेवून गार करा आणि त्याच भांड्यात राहू द्या. गार झालेलं पाणी न धुतलेल्या कळशीत ओतलं तर सगळं सरपण वाया गेलं.

दुसरा मार्ग क्लोरीनचा. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरची बाटली मिळते. किती पाण्याला किती, ते पाकिटावर लिहिलेलं असतं, तेवढंच घाला. अर्धा तास थांबा. लिंबाचा रस किंवा फळाचा पाक त्याआधी घालू नका, कारण त्यात क्लोरीनचा जोर कमी होतो. आधी पाणी शुद्ध होऊ द्या, मग सरबत.

बर्फ पिंपात नको, पिंपाभोवती

बर्फ दोन प्रकारचा असतो. एक खायचा, पिण्याच्या पाण्याचा. दुसरा मासळी आणि माल टिकवायचा, त्याला कुठलंही पाणी चालतं. दोन्ही सारखेच पांढरे दिसत, म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात नियम आला, की न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा. तेव्हा निळसर बर्फ दिसला तर तो सरबतात कधीच टाकायचा नाही. पण पांढरा दिसला म्हणून तो खायचाच, असाही भरवसा धरू नका. तो गोणपाटात येतो, जमिनीवर फुटतो, दहा हात लागतात.

आम्ही आता असं करतो. मोठ्या घमेल्यात किंवा टबात विकतचा बर्फ आणि मूठभर जाडं मीठ टाकतो. मिठामुळे बर्फ आणखी गार पडतो. त्यात सरबताचं झाकलेलं पिंप उभं करतो. बर्फ बाहेर, सरबत आत. अर्ध्या-पाऊण तासात चांगलं गार होतं. कुणाकडे फ्रीज असेल तर उकळून गार केलेलं पाणी स्टीलच्या डब्यांत भरून आदल्या दिवशी गोठवा. ते डबे झाकणासकट बाहेरून धुऊन पिंपात सोडता येतात. यातलं काहीच नसेल तर माठ आहे. माठाला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याला ठेवा. फडक्यातलं पाणी वाळताना माठातली उष्णता घेऊन जातं, म्हणून माठ गार होतो. फ्रीजइतकं गार होत नाही, पण घशाला तेच बरं.

भांडं कुठलं

रातांबा, कैरी, करवंद, लिंबू ही सगळी आंबट फळं. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवला की कळकतो. चव बिघडते आणि मळमळ, उलट्याही होतात. आजीचं मोठं तपेलं कितीही देखणं असलं तरी आतली कल्हई उडाली असेल तर ते सरबताला नको. ॲल्युमिनियमच्या टोपातही आंबट पेय ठेवू नका. पाक करायला आणि सरबत कालवायला स्टील घ्या, पाक भरून ठेवायला काच किंवा चिनी माती.

चार सरबतं

पहिलं रातांब्याचं. आपण ज्याला रातांबा म्हणतो त्याला मालवण-गोव्याकडे भिरंड म्हणतात. सुकवलेली साल म्हणजे आमसूल, कोकम. पिकलेले, लालभडक, न फुटलेले रातांबे घ्या. धुऊन रोवळीत निथळा आणि कोरड्या फडक्याने पुसा. दोन भाग करून बिया काढा. आता सालींचं वजन करा. एक किलो सालीला दोन किलो साखर लागते. काचेच्या कोरड्या बरणीत सालींच्या वाट्यांत साखर भरून थर लावा, वर साखरेचा थर द्या. तोंडाला दादरा बांधा आणि रोज उन्हात ठेवा. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने हलवा. आठ-दहा दिवसांत साखर सगळा रस ओढून घेते आणि गडद लाल पाक तयार होतो. तो गाळा, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चवीला मीठ घाला, कोरड्या बाटल्यांत भरा.

इतकी साखर कशाला, असं काही जणी विचारतात. साखर इथे गोडीपुरती नाही, राखणदार आहे. जंतूंना वाढायला पाणी लागतं आणि दाट पाकातली साखर ते पाणी धरून ठेवते. म्हणून पाक टिकतो. साखर कमी केली किंवा ओला चमचा घातला तर पाक आंबतो, फसफसतो. गोड कमी हवं असेल तर पाकात साखर कमी करू नका, पेल्यात पाक कमी घाला. उरलेल्या साली टाकू नका, त्या मुलांना खाऊ म्हणून वाळवून ठेवा. बिया धुऊन वाळवा, त्यांचं कोकम तेल निघतं, थंडीत फुटलेल्या टाचांना ते लागतंच.

दुसरं करवंदांचं, लिंबू घालून. काळी पिकलेली करवंदं एक किलो घ्या. देठाशी चीक असतो, म्हणून देठ काढून अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवा आणि दोनदा धुवा. दोन पेले पाणी घालून दहा मिनिटं मऊ शिजवा. गार झाल्यावर रवीने घुसळून गाळणीतून गाळा. जेवढा रस तेवढीच साखर घालून ती विरघळेपर्यंतच गरम करा. खाली उतरवून गार झाल्यावर चार लिंबांचा रस घाला. लिंबाचा रस उकळायचा नाही, त्यातलं क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. पिळतानाही बी चेंगरू देऊ नका, कडवटपणा तिथून येतो. या पाकात साखर कमी आहे, म्हणून तो फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. करवंदं स्वतः तोडली नाहीत तर द्रोणात घेऊन बसणाऱ्या कातकरी बायकांकडून घ्या, आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. काट्यांत हात त्यांनी घातलेला असतो.

तिसरं कलिंगड-लिंबाचं. वाडीत पाणी कमी असेल तर हे सरबत लक्षात ठेवा. कलिंगडात शंभरात नव्वद भाग पाणीच असतं, त्यामुळे वरून पाणी जवळजवळ लागत नाही. कापण्याआधी साल धुवा, कारण सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. गर बिया काढून रवीने मोडा. चार किलोच्या कलिंगडाला पाच-सहा लिंबं, चमचाभर मीठ, मूठभर ठेचलेला पुदिना. साखर लागतच नाही. फक्त हे ताजंच प्यायचं. दोन तासांच्या आत संपवा, उरलं तर जपून ठेवू नका.

चौथं आपलं पन्हं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं आपण करतोच. कैऱ्या उकडा किंवा निखाऱ्यात भाजा, गर काढा. एक वाटी गराला दोन वाट्या चिरलेला गूळ, थोडं मीठ, वेलचीची पूड. गूळ विरघळेपर्यंत गरम करा आणि गाळा, कारण गुळात कचरा निघतो. हा गर फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. फ्रीज नसेल तर त्याच दिवशीचा त्याच दिवशी.

शंभर पेल्यांचं माप

घरचा लहान पेला दीडशे मिलीलीटरचा धरा. शंभर पेल्यांना पंधरा लीटर सरबत लागतं. रातांब्याचा दाट पाक अडीच लीटर आणि पाणी साडेबारा लीटर, म्हणजे एकास पाच. नुसतं लिंबाचं करायचं असेल तर पेल्याला अर्धं, म्हणजे पन्नास लिंबं आणि दोन किलो साखर. चिमूट चिमूट करत मीठ घाला. मीठ जास्त झालं तर काढता येत नाही.

आता साखरेचं खरं बोलू. असा एक पेला म्हणजे साधारण पाच चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की दिवसभराची वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅम, म्हणजे साधारण सहा चमचे, एवढ्यातच राहिली तर उत्तम. म्हणून पेला लहान ठेवा आणि आग्रह करू नका. आता घरोघरी कुणाला ना कुणाला मधुमेह आहे. त्यांच्यासाठी आमसूल भिजवून कोळलेलं, जिरं-मीठ घातलेलं बिनसाखरेचं पाणी वेगळ्या भांड्यात ठेवतो. तेही पाहुणेच आहेत, त्यांना नुसतं पाणी देऊन बसवू नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सरबत चाटवायचंसुद्धा नाही, त्याला आईचं दूध पुरतं.

वाढायचं कसं

पिंपाला तोटी असेल तर सगळ्यांत चांगलं. नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं घ्या आणि वाढायला एकच बाई ठरवा. पेला पिंपात बुडवायचा नाही. उष्टे पेले एका बाजूला, धुतलेले दुसऱ्या बाजूला. पिंपावर कायम झाकण, माश्या बसल्या की केलेलं सगळं पाण्यात.

आणखी एक गोष्ट. आपलं महाड पाण्यासाठी देशाला माहीत आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि पाणी सगळ्यांचं आहे हे दाखवून दिलं. आजही दरवर्षी त्या दिवशी उन्हातान्हात माणसं तिथे येतात. त्या भागात राहून आपण सरबताचे वेगळे पेले ठेवले, किंवा हळदीकुंकवाला नवरा नसलेल्या बाईला मागच्या दाराशी बसवलं, तर आपल्या सरबताला चव कसली? आमच्या गटात एकच पिंप, एकच ओगराळं, सारखे पेले. हळदीकुंकवाचं बोलावणंही आता सगळ्या बायकांना जातं. पहिल्या वर्षी दोन घरं रुसली. पुढच्या वर्षी तीही आली.

सरबत औषध नाही

काकूंच्या नातवाला जुलाब लागले तेव्हा घरच्यांनी आधी त्याला गोड सरबतच पाजलं होतं. वाटलं, अंगात पाणी जाईल. पण खूप गोड पाणी पोटात गेलं की जुलाब वाढू शकतात. तिथे हवं असतं मीठ-साखरेचं मोजून केलेलं पाणी, ओआरएस. त्यातली थोडी साखर मिठाला आणि पाण्याला आतड्यातून अंगात ओढून नेते.

याची ताकद जगाला दिसली १९७१ साली. बांगलादेश युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती आणि सलाईन संपलं होतं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ते प्रमाण चारच्या खाली आलं. पाजणारे डॉक्टर नव्हते, घरचीच माणसं होती.

आशाताईंकडे ओआरएसची पाकिटं फुकट मिळतात, मुलांसाठी झिंकच्या गोळ्याही असतात. दोन पाकिटं घरात असू द्या. रात्री-अपरात्री पाकीट नसेल तर एक लीटर शुद्ध पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटाने सरळ केलेला. घोट घोट पाजत राहा. मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचातून रक्त आलं, तर थांबू नका, दवाखाना गाठा. आणि उन्हात काम करताना कुणी बरळायला लागलं किंवा बेशुद्ध पडलं तर त्याच्या तोंडात सरबत ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. सावलीत घ्या, अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

विकायचं असेल तर

कशेडी घाटाचा बोगदा झाला आणि पाऊण तासाचा घाट दहा मिनिटांवर आला. प्रवाशांचं भलं झालं, पण जुन्या घाटात गाडी थांबवून सरबत पिणारे कमी झाले. आम्ही मग मोर्चा गावाकडे वळवला. लग्नं, पूजा, शाळेचे कार्यक्रम आणि मुंबईला परत जाणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीत जाणारी पाकाची बाटली.

बाटली विकायची तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, आणि बाटलीवर काय काय घातलं, वजन, केल्याची तारीख हे लिहावं लागतं. फळ प्रक्रियेचं शिक्षण हवं असेल तर रोह्याजवळ किल्ला इथे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ. नवीन झाड लावणार असाल तर बियांपासून लावू नका. रातांब्यात नर झाड वेगळं आणि मादी वेगळं असतं. सात-आठ वर्षं वाढवून ते नर निघालं तर फळ नाही. विद्यापीठाच्या कोकण अमृता, कोकण हातिस या जातींची कलमं घ्या. आणि हिशोब करताना फळ फुकट धरा हवं तर, पण स्वतःची मजुरी फुकट धरू नका.

आमच्या त्या काकू आता गटात पाण्याचं काम बघतात. पाणी कुठून आलं, कधी उकळलं, कुणी झाकलं, हे त्या विचारल्याशिवाय पिंपात थेंब पडू देत नाहीत. त्यांचा नातू यंदा पहिलीच्या पुढे गेला आणि सरबत वाटताना पेले मोजायला तोच बसतो.

तेव्हा मैत्रिणींनो, या उन्हाळ्यात पाहुण्याला पेला द्याल तेव्हा आधी स्वतःला विचारा, की पाणी कसलं, बर्फ कसला, भांडं कुठलं. तिन्हींची उत्तरं आली की बेलाशक द्या. पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू. नमस्कार.